खाडीतल्या पांढऱ्या नळ्या

अण्णांचा शेवटचा रविवार अगदी नेहमीसारखा गेला. सांगलीच्या घरी पायरीवर बसून त्यांनी भडंग खाल्लं, बुटांना पॉलिश केलं आणि म्हणाले, "या खेपेला जिवंत किडा आणतो." सोमवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

अण्णा, माझे वडील, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. कोकणात, वाशिष्ठीच्या खाडीत त्यांना एक परदेशी किडा सापडला होता. जहाजांच्या बुडाला चिकटून आलेला, स्वतःभोवती चुन्याची पांढरी नळी बांधून तिच्यातच जन्म काढणारा. पण त्या नळ्या घालून आणलेली बरणी सांगलीत उघडली तेव्हा नळ्यांतले किडे मेलेले निघाले. विभागप्रमुख सगळ्यांदेखत म्हणाले, "खाडीत कुठला असला किडा? मेलेल्या नळ्या या, मुंबईच्या गोदीतून उचलून आणलेल्या." अण्णा खोटे ठरले. तो डाग पुसायला १९७४च्या जानेवारीत मी निघाले.

बरोबर धोंडिराम होता. कॉलेजचा शिपाई, पूर्वी फौजेत असलेला. गेल्या खेपेला अण्णांबरोबर येताना बरणी त्याच्याच मांडीवर होती. काही काळंबेरं झालं असेल, तर ते त्याच्याच हातून. मी बोलावलं नसताना तो यायला तयार झाला, हेही मला खटकलं होतं.

कुंभार्ली घाटात एसटी उतरू लागली तेव्हा मी विचारलं, "वाटेत बरणी कुणी उघडली होती का?"

"ताई, वळणं लय हायती. खिडकीतनं बाहेर बघा, न्हाईतर मळमळंल."

त्यानं उत्तर टाळलं होतं.

खाडीला ओहोटी लागलेली. उघड्या पडलेल्या चिखलातून दूरवर एका बुडालेल्या गलबताच्या फासळ्या दिसत होत्या. चिखल आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत आला. शिंपल्यांनी पाय कापले. धोंडिराम मात्र न अडखळता पुढे चालला होता. त्याची पाठ बघत मी मागे राहिले.

"गुरुजी हितंच वाकलं हुतं," तो थांबून म्हणाला.

फासळीखालच्या डबक्यात पांढऱ्या, वेड्यावाकड्या नळ्यांचा गुंता होता. एका नळीतून पिसांचा नाजूक तुरा बाहेर आला. मग दुसरीतून, तिसरीतून. माझी सावली पडली आणि सगळे तुरे झटक्यात आत! नळ्यांची तोंडं इवल्याशा झाकणांनी बंद.

जिवंत होते!

मी छिन्नीनं त्या गुंत्याचा एक तुकडा काढला, बरणीत खाडीचं पाणी भरलं. धोंडिरामनं माझं मनगट धरलं.

"खारंच पाणी घालायचं व्हय?"

"त्यातच जगतात ते."

त्याचा चेहरा उतरला. "मग मीच मारलं त्यास्नी. पाणी लय घाण वास मारत हुतं. गुरुजी झोपलं हुतं, तवा कोयनानगरला ओतलं आन् नळाचं गोडं भरलं. लांबनं आल्याल्या पाव्हण्याला आपण आधी गोडं पाणीच देतो न्हवं?"

तेवढ्यात पायाशी पाणी खळखळलं. आम्ही कृष्णाकाठची माणसं. पाणी चढलं तर वरच्या अंगानं येणार, म्हणून नजर तिकडे. भरतीचं पाणी मात्र मागून, समुद्राकडून आलं होतं.

"ताई, पळा!"

आम्ही धावलो. दहा पावलांत धोंडिराम कमरेपर्यंत रुतला. मी एका हातानं ओढलं. तो हलेना. पाणी त्याच्या छातीला लागलं.

"बरणी सांभाळा. गुरुजींचं नाव हाय त्यात."

मी बरणी सोडली. दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला. ओढलं. पुन्हा ओढलं. चिखलानं त्याला एकदाचं सोडलं.

काठावर आम्ही धापा टाकत पडलो. गलबत पाण्याखाली गेलं होतं.

"उद्या ओहोटीला परत जाऊ," तो म्हणाला. त्याचा गुडघा सुजून टम्म झाला होता.

"नको."

"मग मी सायबास्नी सांगतो, पाणी मी बदललं म्हनून. नोकरी गेली तर जाऊ दे."

मी नकारार्थी मान हलवली. साहेबांना पटवणं आता महत्त्वाचं नव्हतं. बाहेरच्यांनी अण्णांना खोटं म्हटलं, आणि घरात आम्ही सगळे गप्प राहिलो होतो. ते गप्प राहणं त्यांनी कसं ऐकलं असेल?

मी उठून पाण्याशी गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, तुमचं खरं होतं."