आतून काढलेली खिडकी

ती फक्त थोडा वारा घ्यायला उठली होती. खिडकीचं झडप बाहेर ढकललं आणि ते अख्खंच तिच्या हातात आलं! वरची बिजागरी निखळली, खालची कशीबशी लोंबकळत राहिली आणि काचेसकट ते लाकडी धूड रस्त्याकडे झुकलं. खाली माणसांची ये-जा चालू होती. तिने दोन्ही हातांनी झडप घट्ट धरलं, डोळे मिटून घेतले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "आत्याऽऽ!"

आत्या न्हाणीघरात होती. उत्तर आलं ते समोरून.

"सोडू नका हं! आलोच!"

तिने एक डोळा किलकिला केला. समोरच्या घराच्या गॅलरीत कोणीतरी नव्या खिडकीचे स्क्रू पिळत होता... होता म्हणजे, आता नव्हता. स्क्रू टाकून तो धावत सुटला होता. दार नेहमीप्रमाणे लोटलेलंच होतं, आत्याच्या विसराळूपणाची कृपा. तो धापा टाकत आत आला, तिच्या मागे उभा राहिला आणि तिच्या हातांच्या बाजूने आपले हात घालून त्याने झडप पेललं.

"सोडा आता."

"सुटत नाहीयेत... बोटं आखडलीत."

"मग राहू द्या. मला घाई नाही."

तिच्या कानाला त्याचा श्वास लागत होता. एकेक बोट सोडवायला तिला जरा जास्तच वेळ लागला, हे खरं.

केसांना पंचा गुंडाळून आत्या बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. "घोळू! हा कोण?"

"खिडकीवाला," तोच म्हणाला.

'घोळू' हे तिचं घरातलं नाव, आणि ते तिने कष्टाने कमावलं होतं. साधा पडदा घ्यायचा तरी ती दुकानातले सगळे गठ्ठे खाली उतरवायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. मुलांच्या पुस्तकांत ती चित्रं काढायची, तिथेही हत्तीला छत्री लाल द्यावी की पिवळी, यावरून तिचा घोळ व्हायचा. आता तर नवी खिडकी निवडायची होती.

बाहेर उघडणारी झडपं पुन्हा नकोत, यावर मात्र घरात एकमत झालं. खिडकीवाला टेप घेऊन आला. रुंदी त्याने वर मोजली, मधे मोजली, खाली मोजली.

"एकदा मोजून भागत नाही का?" तिने विचारलं.

"जुन्या भिंती सरळ नसतात. सगळ्यांत कमी माप धरायचं. थोडी फट राहिली तर भरून काढता येते."

"आणि सरकती खिडकी पूर्ण उघडते ना?"

"अर्धीच. एक काच पक्की, दुसरी तिच्यावर सरकते."

"म्हणजे निम्मा वारा बाहेरच!"

"तुम्ही उभ्या राहाल तिथे लागेल तेवढा येतो की आत," तो म्हणाला, आणि उगाचच टेप गुंडाळत बसला.

मग सुरू झाली रंगाची गोष्ट. चौकट पांढरी की करडी? तो दोन्हींचे तुकडे घेऊन आला. काच साधी की धुरकट? त्यासाठी पुन्हा आला. जाळी हवी की नको? पुन्हा! प्रत्येक वेळी ती तुकडे उजेडात धरायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, "उद्या सांगितलं तर... चालेल?"

"चालेल की," तो म्हणायचा. "उद्या इकडून जायचंच आहे मला."

इकडून तो कुठे जायचा, देव जाणे. त्याच्या मामांचा खिडक्यांचा कारखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

"रंग ऐकून ऐकून माझे कान किटले," आत्या एकदा चहा ओतताना म्हणाली. "करडा घे आणि मोकळी हो."

मोकळंच तर व्हायचं नव्हतं तिला. खिडकी बसली की हा माणूस येणार कशाला? बिनकामाचं बोलवायची तिची छाती नव्हती, आणि बिनकामाचं यायची त्याची. रंग लांबवता येत होता, तोवर तो येत होता. पण रंग तरी किती लांबवणार! शेवटी करडा ठरला.

मग त्याने तिच्या टेबलाशी स्टूल ओढलं आणि खिडकीचं चित्र काढायला घेतलं. "सरकती काच कुठल्या बाजूला?"

"आत्याच्या खुर्चीकडे. तिला वारा लागतो. इकडे पक्की... नाहीतर माझे कागद उडतील." समोर नुकत्याच रंगवलेल्या हत्तीला ती फुंकर घालत होती. तो ओल्या रंगाकडे बघत होता, मग तिच्या गालाला लागलेल्या निळ्या ठिपक्याकडे. बघता बघता त्याने चित्र पुरं केलं.

खिडकी आली त्या दिवशी आभाळ फिकट, मऊ होतं. कारखान्यातल्या मिस्त्रीने आणि त्याने मिळून जुनी चौकट काढली, आणि भिंतीत नुसतंच आभाळ उरलं. मिस्त्री जुनं लाकूड घेऊन खाली गेला. ती त्या मोकळ्या चौकोनाशी येऊन उभी राहिली. खालच्या झाडाचा वास, कोणाच्या तरी रेडिओचे सूर, सायकलची घंटा, सगळं थेट खोलीत येत होतं. तोही शेजारी उभा होता. हे असंच राहावं, भिंत भरूच नये, असं तिला फार फार वाटलं.

पण मिस्त्री परत आला. नवी चौकट बसली, पाणसळ लावून पातळी पाहून झाली, कडेच्या फटी भरल्या. खिडकीवाला म्हणाला, "सरकवा तुम्ही." तिने काच सरकवली. काच हलकेच, अजिबात कुरकुर न करता सरकली... आणि टेबलावरचे सगळे कागद भुर्रकन उडाले! हत्ती थेट आत्याच्या मांडीत जाऊन पडला.

त्याचा चेहरा पडला. "बाजू उलटी झाली."

"फिरवून नाही बसवता येणार?"

"नाही. पाणी जायची भोकं खालच्या पट्टीत असतात. वर गेली तर पाऊस आत. नवीच करावी लागेल. पुन्हा माप... पुन्हा सगळं."

पुन्हा सगळं! पुन्हा तुकडे, पुन्हा उद्या, पुन्हा परवा. एक 'हो' म्हणायचा अवकाश! मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

"मामा काय म्हणतील?"

"आत्ता कुठे त्यांनी मापं माझ्या एकट्यावर सोडली होती," तो चुकलेल्या काचेवरून बोट फिरवत म्हणाला. "पुन्हा नाही सोडणार. पण चूक माझी आहे. मी सांगतो त्यांना."

तिला ठरवायला क्षणही लागला नाही. "काही सांगू नका. छान आहे खिडकी. टेबल तिकडे घेऊ, आत्याची खुर्ची इकडे. धरा ती बाजू."

"आणि मला कोणी विचारायचं?" आत्या म्हणाली, पण हत्ती सांभाळत उठलीसुद्धा.

टेबल हललं. मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन निघून गेला, आत्या स्वयंपाकघरात गेली. तो दाराशी जाऊन बुटात पाय घालू लागला. "म्हणजे... काम संपलं."

"संपलं." तीही दाराशी आली. "पण तुम्ही चुकलात कसे?"

तो वाकलेलाच राहिला. "आमच्यात खिडकीचं चित्र बाहेरून काढतात. रस्त्यावर उभं राहून बघावं तसं. कारखान्यात तसंच वाचतात. मी काम शिकलो तेव्हापासून तसंच काढत आलोय. त्या दिवशी तुमच्या शेजारी बसलो आणि आतूनच काढलं... मी बाहेरचा आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

नव्या खिडकीतून वारा येत होता आणि तिचे केस तोंडावर उडत होते, पण ते तिने सावरले नाहीत.

"उद्या या," ती म्हणाली.

"उद्या? कुठलं काम राहिलंय?"

"कुठलंच नाही. तसेच या."

"आत्याबाईंना काय सांगू, कशाला आलो म्हणून?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगेन." तिने एक खोल श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता... असं सांगेन."

"ऐकलं मी!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "आणि उद्या कशाला? कपबशा तीन मांडल्यात मी."

त्याने बांधलेली नाडी सोडली आणि बूट काढून भिंतीशी नीट लावून ठेवला.