ठकसेन मार्गाचे तेरा साक्षीदार

नगरस्मृती केंद्राच्या दालनात भास्करराव हुपरीकर धापा टाकत शिरले, तेव्हा समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर एक रस्ता त्यांच्याच स्वयंपाकघरातून आरपार चालला होता. त्यांचं घर दुपारी पाडायचं होतं.

"हा ठकसेन मार्ग," केंद्रप्रमुख डॉ. रेवती खांडेपारकर म्हणाल्या. "तुमचं घर बरोबर त्याच्या मधोमध आहे, काका."

"अहो मॅडम, असला रस्ता जन्मात कधी नव्हता! मीच काढलाय तो!"

भास्कररावांनी उभी हयात नकाशे काढण्यात घालवली होती. कोल्हापूरच्या गवळीमळा उपनगराचा पहिला नकाशा त्यांचाच. त्या धंद्यात चोर फार, म्हणून प्रत्येक नकाशात एखादी खोटी गल्ली घुसडायची रीत होती. दुसऱ्याच्या नकाशात ती दिसली की चोर सापडला! भास्कररावांनी तिला हौसेनं नावही ठकसेन ठेवलं, तरी बारा जणांनी नकाशा बिनदिक्कत उचलला. ठकसेन कुणी थोर पुरुष असावा असं समजून उपनगरात हल्ली ठकसेन जयंतीसुद्धा होत होती. पुढे त्याच जागेतला प्लॉट रस्त्यात जाणार म्हणून कुणी घेईना. तो भास्कररावांनी स्वस्तात पटकावला आणि ते मनातल्या मनात खूप हसले. ते हसू आता चांगलंच अंगाशी आलं होतं.

"मी सांगतोय ते पुरेसं नाही का?"

"निकाल आमची संगणकप्रणाली, नगरस्मृती, देते. तिला माणसाची साक्ष चालत नाही. घर वाचवायला माणूस काहीही बोलतो. तिच्या लेखी प्रत्येक नकाशा एक साक्षीदार, आणि बहुमत म्हणेल ते खरं. या रस्त्याच्या बाजूनं तेरा नकाशे आहेत."

"मग उपग्रहाला विचारा की!"

"उपग्रहाला आज काय उभं आहे तेवढं दिसतं. कोण कुणाच्या जागेत घुसलंय, हे कसं दिसणार?"

भास्कररावांना घरी बसलेल्या त्यांच्या पत्नी अक्काताई आठवल्या. "रस्ता माझ्या चुलीवरनं जाऊ दे न्हाईतर डोक्यावरनं," त्या सकाळीच म्हणाल्या होत्या, "मी हितनं उठायची न्हाई!" आणि त्या खरंच उठणार नव्हत्या.

ते पडद्याजवळ गेले. ठकसेन मार्गाच्या टोकाला एक विहीर दिसत होती.

"मॅडम, ही विहीर न्हवं! शाईचा थेंब पडलेला माझ्या हातनं. बाकीच्या बारांत बघा बरं, हाय का?"

बाराही नकाशांत विहीर होती. एकानं तर तिला रहाटही काढला होता.

रेवतीबाईंचे डोळे चमकले. "काका, एकाचीच चूक सगळ्यांत उतरली असेल, तर नगरस्मृती त्या सगळ्यांना मिळून एकच साक्षीदार धरते!" त्यांनी भराभर आज्ञा दिली.

"मान्य," नगरस्मृती गोड आवाजात म्हणाली. "तेरा नकाशे, साक्षीदार एक. विरोधात जुने नकाशे तीन. ठकसेन मार्ग रद्द."

भास्कररावांनी चक्क टाळी वाजवली.

"आता फेरमोजणी," नगरस्मृती पुढे म्हणाली. "गवळीमळ्याच्या बाजूनं साक्षीदार एक. त्याआधीचे, एकमेकांशी संबंध नसलेले नकाशे तीन. तिन्हींत इथे तळं आहे."

पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा झाला.

"गवळीमळा उपनगर रद्द. तळ्यातली सर्व बांधकामं अतिक्रमण ठरत आहेत. पाडकाम-यंत्रं निघाली आहेत."

"अगं बाई! माझा फ्लॅट!" रेवतीबाई ओरडल्या. "थांबव ते!"

"क्षमस्व. माणसाची साक्ष चालत नाही. सर्वांत जवळचं अतिक्रमण आधी."

"सर्वांत जवळचं कुठलं?" भास्कररावांनी विचारलं.

उत्तर यायच्या आत मागची भिंत हादरली आणि छताचं प्लॅस्टर खाली आलं. नगरस्मृती केंद्र गवळीमळ्यातच होतं.

"कृपया तळ्यातून बाहेर या," नगरस्मृती शांतपणे म्हणाली. दोघं धावत रस्त्यावर पोचले, तोवर तिचा आवाज मध्येच तुटला. आज्ञा देणारीच उरली नाही, तेव्हा यंत्रंही आपापल्या जागी थिजली.

धुळीनं पांढऱ्या झालेल्या भास्कररावांनी घरी फोन लावला.

"अक्काताई, घर वाचलं गं!"

"आणि तो रस्ता?"

"तळ्यात बुडाला."

"कुठल्या तळ्यात?"

भास्कररावांनी आजूबाजूच्या इमारतींकडे एकवार पाहिलं. "ते कुणाला इचारू नगंस," ते हळूच म्हणाले.