अर्धा गुण

"पुढचे!" खिडकीतल्या बाई ओरडल्या आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

रांगेत हशा पिकला. दोन वर्षं परक्या कंपन्यांच्या ग्राहकांची गाऱ्हाणी फोनवर ऐकली की असंच होतं. नोकरकपातीच्या यादीतले आम्ही साठ जण हेडफोन आणि ओळखपत्र जमा करायला आलो होतो. मी तर घरी आईला अजून सांगितलंही नव्हतं.

खिडकीपासून नुकताच बाजूला झालेला उंच तरुण मात्र हसला नाही. तो गर्रकन वळला.

"एकोणतीस नंबरचं टेबल?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून. मी तपासनीस... तुमचे कॉल ऐकून गुण द्यायचो. आता ते काम मशीन करणार म्हणे."

म्हणजे हाच तो! ज्याचे शेरे वाचून मी वर्षभर चरफडले, त्याच्या गालाला खळी वगैरे असेल असं मुळीच वाटलं नव्हतं. हेडफोन खिडकीत सरकवला आणि त्याला जिन्यापाशी गाठलंच.

"आणखी काय माहीत आहे माझ्याबद्दल?"

"बोलताना पेन टिकटिकवता. ग्राहक थापा मारायला लागला की 'हं का' म्हणता."

"हं का?"

"नाही, खरंच..." त्याचे कान लाल झाले.

मला गंमत वाटली. पण आठवडाभर एक गोष्ट डोक्यात घोळत होती. "त्या आजोबांच्या कॉलला अर्धा गुण का कापलात? तेवढ्यानंच माझं नाव यादीत गेलं."

त्याचा चेहरा पडला. "नियम सहा मिनिटांचा. तुम्ही अठरा मिनिटं त्यांना पासवर्ड बदलायला शिकवत होतात. यादी लागल्यावर गुण परत द्यायला गेलो—साहेब म्हणाले, आता उशीर झाला."

"मग मला सांगायचं होतं!"

"तीनदा तुमच्या मजल्याच्या दारापर्यंत आलो. धीरच झाला नाही. आणि... तो कॉल मी पाच वेळा ऐकलाय. गुण द्यायला एकदा पुरतं."

राग यायला हवा होता. आलाही, थोडासा. पण छातीत धडधडत होतं ते रागानं नव्हे.

"पाच वेळा... का?"

तो जिन्याच्या पायऱ्यांकडे बघू लागला. वर्षभर नुसतं ऐकणाऱ्याला बोलायची सवय कुठून असणार! मी कठड्याला टेकून उभी राहिले. मला कुठेही जायची घाई नव्हती.

"आवडता तुम्ही मला," तो एकदाचा म्हणाला. "नुसता आवाज नव्हे... म्हणजे, आवाजही."

"मी अजून रागावलेली आहे," मी म्हणाले.

"मग?"

"मग काय? समजूत काढायला उद्या समोरच्या टपरीवर चहाला यावं लागेल."

"किती वाजता?" त्यानं इतक्या घाईनं विचारलं की मला हसू आवरेना. यादी लागल्यापासून पहिल्यांदाच, उद्या कधी उजाडतोय असं मला झालं होतं.