पुढच्या गाडीचा दिवा

सई, तो मोबाईल जरा खाली ठेव. उद्याचं बुकिंग झालंय ना तुझं आणि कुणालचं? मग झालं तर. डेझर्ट सफारी म्हणे! जाहिरातीच्या फळ्यावर उंट काढलाय, नारळाचं झाड काढलंय, आणि मागे निळाशार समुद्र. काशीत समुद्र! अरे, आपल्या गंगेपलीकडची वाळू ती. पावसाळ्यात पाण्याखाली असते, हिवाळ्यात उघडी पडते. पण तुम्हाला हौस. जा बाबांनो, उघड्या जीपमधून उड्या मारा, फोटो काढा. फक्त सूर्य बुडाला की गुपचूप नावेत बसायचं.

का? नरहरकाका सांगतो म्हणून.

बरं, असं हसू नका. नुसतं 'नको' म्हटलं की तुम्ही हटकून तेच करणार, हे रेल्वेतली पोरं सांभाळून मला पक्कं ठाऊक आहे. ऐकाच मग. ऐकीव नाही हं. ज्याच्यावर बेतलं तो विश्वेश माझ्यासमोर लहानाचा मोठा झालाय, आणि शेवटचं मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या वर्षीची पौष वद्य एकादशी. आपला पौष; इथल्या लोकांचा तोवर माघ लागलेला असतो. काम अगदी साधं होतं. मंगला गौरीच्या गल्लीतल्या इंदूवहिनींनी धाकट्या मुलाला, विश्वेशला, सांगितलं, "सुश्रुतचा मफलर जीपमध्ये राहिलाय. घेऊन ये. उद्या दहावा. त्याची वस्तू त्या तीरावर नको."

सुश्रुत म्हणजे थोरला. जाऊन नऊ दिवस झाले होते.

घराणं वैदिकांचं. बाप गेल्यावर सुश्रुतने चार यजमान सांभाळले आणि जोडीला हा वाळूतल्या सफारीचा उद्योग काढला. मी म्हटलंसुद्धा, "अरे, पूजा सांगायच्या सोडून लोकांना धूळ काय खायला घालतोस?" तर हसून म्हणाला, "काका, दोन्हीकडे माणसांना धरून पलीकडेच न्यायचंय." लाघवी पोरगा होता.

तर त्यांची पद्धत अशी. पुढे सुश्रुतची जीप, मध्ये पाहुण्यांच्या चार चाकांच्या छोट्या गाड्या, सगळ्यांच्या मागे विश्वेश. नदीची वाळू फसवी असते. वरून कोरडी ठणठणीत, खाली कुठे पाणी मुरलंय ते कळत नाही. म्हणून पुढच्याच्या चाकोरीतूनच यायचं, वीतभरही इकडेतिकडे नाही. अंधार पडला, धुकं आलं, की सुश्रुत मागचा लाल दिवा दोनदा लुकलुकवायचा. म्हणजे, आहेस ना? विश्वेशने आपला पुढचा दिवा एकदा लुकलुकवायचा. म्हणजे, आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सुश्रुतच्या टायरवर बाणासारखी नक्षी होती. बाणाचं टोक जिकडे, गाडी तिकडे गेली. मागच्या चाकाचा एक दात तुटलेला होता, त्यामुळे चाक फिरलं की वाळूत दर फेऱ्याला एक रिकामी जागा सुटायची. कितीही चाकोऱ्या असल्या तरी विश्वेश ती रिकामी जागा बघत भावाच्या मागे यायचा.

अशाच एका संध्याकाळी वाळूचा कडा ढासळला आणि सुश्रुतची जीप उलटली. पाहुण्यांना काही झालं नाही. याच्या छातीवर सगळा भार आला. विश्वेशने आणि लल्लन नाववाल्याने त्याला बाहेर काढलं, तेव्हा शुद्धीवर होता. एवढंच म्हणाला, "इथे नको. मला घरी ने." नाव गाठायच्या आत, वाळूवरच, गेला.

आता तुम्ही म्हणाल, इथे काय नि तिथे काय, मरण ते मरण. कुणाल, तू सॉफ्टवेअरवाला, तुला हसू येईल. पण आपल्या गल्लीत विचार. या तीरावर गेला तो सुटला. त्या तीरावर गेला तो गाढवाच्या जन्माला जातो, असं म्हणतात. मी मानत नाही. पण ज्या आईचा मुलगा तिथे गेला, तिला हे कोण सांगणार?

विश्वेशने नाही सांगितलं. "आई, नाव घाटाला लागली तेव्हा श्वास चालू होता. रामघाटाच्या पायरीवर गेला दादा." वहिनींनी टाहो फोडला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "काशीत गेला. माझं पोर काशीत गेलं." त्या एका वाक्यावर ती बाई उभी होती.

त्याला जिथे निजवलं होतं त्या खोलीत, आपल्यात असतं तसं, फरशीवर तांदळाचं पीठ पसरलं. शेजारी दक्षिणेकडे तोंड करून दिवा, आणि पिठावर वेताची मोठी टोपली पालथी. काय पाऊल उमटतं त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेला ते बघायचं. त्यांच्याकडे दहाव्याला घाटावरून आले की टोपली उचलतात. वहिनी तिथेच अंथरूण टाकून निजत. आणि रोज रात्री विचारत, "विश्वेश, नाव घाटाला लागली होती ना रे?"

"हो आई."

खूर उमटला तर? गाढवाचा एक खूर, आणि त्या बाईचं ते एक वाक्य गेलं.

तर एकादशीचा दिवस भेटायला येणाऱ्यांतच गेला. माणसं पांगली तेव्हा रात्रीचे नऊ. सुतक, त्यात अशी वेळ. पण आईचा शब्द. भादरलेल्या डोक्याला उपरणं गुंडाळून तो लल्लनच्या नावेत बसला. धुकं एवढं, की लल्लनला स्वतःच्या वल्ह्याचं टोक दिसेना. मोटर न लावता हातानेच नाव नेली त्याने. पलीकडे लागल्यावर, मी इथेच थांबतो, असं सांगत म्हणाला, "जल्दी आवा भइया. हम इहैं हई."

जीप पोरांनी सरळ करून ठेवली होती. किल्ली तशीच होती. मफलर गियरच्या दांड्याला गुंडाळलेला. विश्वेशने तो काढून गळ्यात घातला. दादाच्या डोक्याच्या तेलाचा वास आला आणि तिथे त्याला रडू फुटलं. कुणी बघायला नव्हतं, पोटभर रडला.

वर पाहिलं, तर दिशाच कळेना.

नदी कुठे, नाव कुठे... चारी बाजूंनी पांढरं. "लल्लन!" म्हणून हाका मारल्या. उत्तर नाही. पायी निघालं आणि वाळू खचली तर? त्यापेक्षा जीप बरी, निदान दिवे तरी आहेत. म्हणून तो सुश्रुतच्या जागेवर बसला. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. उलटलेली आणि नऊ दिवस थंडीत पडून राहिलेली जीप!

दिवे लावले. समोर धुक्याची भिंत.

आणि त्या भिंतीत एक लाल दिवा.

लुकलुकला. पुन्हा लुकलुकला.

मग बंद.

विश्वेश सांगत होता, "काका, मला तेव्हा भीती नाही वाटली. सवय झाली होती. हात आपोआप गेला." त्याने पुढचा दिवा एकदा लुकलुकवला.

म्हणजे, आहे.

लाल दिवा चालू लागला.

हा मागे. दिवा वळला की हा वळायचा. याचा वेग कमी झाला की तो थांबायचा, सुश्रुत थांबायचा तसाच. मधूनच दोनदा लुकलुकायचा. हा एकदा. गाडीचा आवाज म्हणाल, तर एकीचाच. याच्याच.

त्याने खाली पाहिलं. चाकोरी होती. ताजी. बाणाची टोकं पुढे. आणि ठरावीक अंतराने... एक रिकामी जागा.



पण ते चाक तर त्याच्या बुडाखाली होतं. तुटक्या दाताची जीप तो स्वतः चालवत होता. ज्या चाकावर बसलाय, त्याच चाकाचा ठसा... त्याच्या पुढे.

थांबावंसं वाटलं. पाय हलेना.

दिवा दोनदा.

हा... एकदा.

"भइया! रुका! आगे पानी हौ!"

लल्लनचा आवाज अगदी कानाशी आला. विश्वेशने ब्रेक मारला. पुढची चाकं पाण्यात होती. लल्लन धावत आला, टॉर्च मारला. चाकोरी तशीच पुढे गेली होती. सरळ. पाण्यात. घाटाच्या दिशेने.

आणि पाण्यावर, लांब, लाल दिवा.

दोनदा.

लल्लनला तो दिसला नाही. त्याला फक्त विश्वेश दिसला, वाळूत गुडघ्यांवर बसलेला. मेलेल्या माणसाला हाक मारायची नसते, पोरांनो. स्मशानातून परतताना आपण मागे वळूनसुद्धा बघत नाही. ते का, तर त्याला वाटेला लागू द्यावं. विश्वेश वैदिकाचा मुलगा, त्याला हे कळत नव्हतं का? पण 'घरी ने' म्हणणारा भाऊ नऊ रात्री त्या काठाशी उभा आहे असं वाटल्यावर शास्त्र कोणाला आठवतं? मी असतो तरी... जाऊ दे.

तो ओरडला, "दादा, चुकलं रे माझं. चल. नावेत बस. घरी चल."

दिवा विझला.

पुन्हा लागला नाही.

जीप तिथेच सोडून दोघे नावेत बसले. लल्लनने वल्हं मारलं. आणखी एक मारलं. मग थांबला. नाव काठापर्यंत पाण्यात दबलेली.

"नाव भारी लगत हौ, भइया."

विश्वेशने गळ्यातला मफलर घट्ट धरला.

"अकेले हउवा न?"

...

मग लल्लन मोठ्याने गंगामाईचं नाव घेत वल्हवत राहिला. रामघाटाला नाव लागली. विश्वेश उतरला. नाव तशीच दबलेली. तो दोन पायऱ्या चढला, आणि मग, लल्लन शपथेवर सांगतो, मग नाव वर आली.

दुसऱ्या दिवशी दहावा. विधी झाले, मफलर गंगेत सोडला. मी बरोबरच होतो. विश्वेशचा चेहरा पाहून त्याला बाजूला घेतलं, तेव्हा घाटावरच त्याने मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "जागरणाने होतं असं." दुसरं काय म्हणणार?

घरी आलो. वहिनी टोपलीशी बसल्या होत्या. दिवा जळत होता. विश्वेश दाराला धरून उभा. मी मनात म्हणत होतो, खूर नको, देवा, तेवढा खूर नको.

टोपली मी उचलली.

खूर नव्हता.

पिठात वीतभर रुंदीचा पट्टा उमटला होता. बाणासारखी नक्षी. टोपलीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मध्ये एका जागी पीठ तसंच कोरं राहिलेलं. एका दाताएवढं.



वहिनी रडल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. ठसा डोळे भरून पाहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नरहरभावजी, माझ्याच्याने राहवत नव्हतं. रोज पहाटे मी हळूच उचलून बघत होते. कालच्या पहाटेपर्यंत पीठ कोरं होतं. आज तेवढं पाहिलं नव्हतं."

मग मुलाकडे वळल्या.

"रात्री आला तो. मग इतके दिवस कुठे होता रे, विश्वेश?"

विश्वेशने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. वहिनींनी त्याच्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो हात तिथेच राहिला. त्यांना सगळं समजलं होतं.

बऱ्याच वेळाने विश्वेशने मान वर केली. पिठाकडे पाहिलं. चाकोरी वाचायची सवय ती. बाणाची टोकं उंबरठ्याकडून आत, दिव्याकडे होती.

"काका," तो म्हणाला, "बाहेर गेलेला ठसा कुठे दिसतो का, बघा ना."

आम्ही दिवा जवळ घेतला. सगळं पीठ पाहिलं. मग फरशी, उंबरठा, पायऱ्या...

नव्हता.