पडद्यावर नसलेलं वाक्य

पडद्यावर लिहिलं होतं, ‘प्राणेश्वरी, तुझ्यावाचून माझे जीवन व्यर्थ आहे!’ आणि अंधारातून आवाज आला, “मंजिरी, वारा पडलाय. आज गलबत हलायचं नाही.”

वासंती दचकली. तिला वाचता येत होतं आणि डोळेही धड होते. मांडवीच्या वाटेवरच्या त्या पत्र्याच्या थेटरात शनिवारी दुपारी बायकांसाठी खेळ असे. सिनेमा मुका. अक्षरं आली की कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एकजण ती मोठ्याने वाचायचा, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांची सोय. त्याची पाठ बायकांकडे, त्यामुळे दिसायची ती नुसती काळी टोपी. शेजारी बसलेल्या गोदाकाकू पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “मेला वाचतो बरा हो.”

“वाचत नाहीये तो,” वासंती पुटपुटली.

ते वाक्य कुठलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सिनेमा ज्या कादंबरीवर काढला होता, त्या ‘मंजिरीचा बुरूज’मधलं. वासंतीने ती इतक्यांदा वाचली होती की आई म्हणायची, पोथी एवढी वाचली असतीस तर पदरी पुण्य तरी पडलं असतं. त्या वाक्यापाशी ती दर वेळी पुस्तक मिटून जराशी नुसती बसायची. वारा पडलाय, म्हणजे मला जायचं नाही... एवढी साधी गोष्ट सिनेमावाल्यांना कळली नव्हती. या काळ्या टोपीला मात्र कळली होती! कोण असेल हा?

खेळभर त्याने हाच उद्योग केला. पडद्यावर काहीही येवो, तोंडात कादंबरी. फक्त शेवटी त्याने घात केला. कादंबरीच्या शेवटी यशवंत लढाईहून परततो, मंजिरीच्या हातांत हिरवा चुडा बघतो, तिचं लग्न झालं असं समजतो आणि मुकाट्याने गलबत वळवतो. चुडा असतो तिच्या बहिणीच्या लग्नातला! सिनेमात मात्र तो दोर धरून बुरूज चढतो आणि सरळ विचारतो, ‘मंजिरी, तू माझी होशील का?’ आणि इथे त्या आवाजाने एक अक्षर न बदलता तेच वाचलं. वासंतीला त्याचा असा राग आला की घरी पोचेपर्यंत ती काकूंशी बोलली नाही.

दोन दिवसांनी ती वाचनालयात गेली. ते वाक्य आपल्याला नीट आठवतंय ना, एवढंच तिला बघायचं होतं, असं तिने स्वतःला सांगितलं. कारकून म्हणाले, पुस्तक बाहेर गेलंय. कुणाकडे, असं ती विचारणार तोच मागून कुणीतरी म्हणालं, “माझ्याकडे आहे.”

आवाज तोच. ती वळली. काळी टोपी, सडपातळ बांधा, आणि काखेत ‘मंजिरीचा बुरूज’.

“शेवटी का नाही बदललंत?” ओळख ना पाळख, तिने एकदम विचारलं.

त्याचे कान लाल झाले. “म्हणजे... बाकीचं तुम्हांला कळलं?”

“प्राणेश्वरीचा तुम्ही वारा पाडलात. कळायचं राहील?”

तो हसला, आणि वासंतीला वाटलं, याची पाठच बरी होती. तोंड बघून भांडण सुचेना. तो परशुराम, पावसच्या वैद्यांचा मुलगा, मांडवीच्या शाळेत मास्तर. हौस म्हणून थेटरात वाचायचा. सिनेमातला बुरूज कापडाचा आहे, वाऱ्याने हलतो, मंजिरीला पावडर फासून भुताटकीसारखी केली आहे, हे सगळं त्याने मान्य केलं. पण शेवट सिनेमाचाच खरा, यावर तो अडून बसला. न बोलण्यातच यशवंताचं मोठेपण आहे, असं वासंतीने ठणकावलं. त्यावर तो म्हणाला, मोठेपण कसलं, भित्रेपणा तो. दोन शब्द विचारले असते तर काय जीभ झडली असती?

मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, “खरं सांगा, शेवटचं पान वाचताना तुम्हांला काय वाटतं?”

तिला काहीतरी भारदस्त बोलायचं होतं. तोंडून खरंच निघून गेलं. “दर खेपेला वाटतं... या खेपेला तरी विचारील.”

तो हसला नाही. त्याने पुस्तक तिच्या हातात दिलं.

बायकांची गर्दी हटेना, म्हणून सिनेमा मुक्कामाला राहिला, आणि वासंतीही दर शनिवारी हजर. दारात ती एखादं वाक्य सुचवायची आणि आत ते अंधारातून यायचं, सगळ्या बायकांसाठी, आणि तरी तिच्यासाठीच. काकू तेवढ्यात पान लावण्यात गुंतलेल्या असत. निदान तसं दाखवत तरी.

इकडे आप्पांनी, तिच्या वडिलांनी, चिपळूणचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा खाऊनपिऊन सुखी, पण वाचनाने डोळे जातात असं त्याचं मत. रविवारी मंडळी पसंती सांगायला येणार होती. तिला तो नको होता; तिला कोण हवा होता, हे आता तिला चांगलं ठाऊक होतं. पण ज्याने विचारायचं तो नुसता यशवंताची वाक्यं म्हणत होता! आणि त्या शनिवारी शेवटचा खेळ. सोमवारी रिळं चिपळूणला जायची होती. रिळांच्या मागोमाग आपणही... या विचारानेच तिला रडू आलं.

दारात तिने परशुरामला पुस्तक परत केलं. त्याची नजर तिच्या हातांवर थांबली.

“बांगड्या छान आहेत,” तो म्हणाला आणि आत गेला. ती वेडी लाजली.

त्या दिवशी त्याने सगळं जसंच्या तसं वाचलं. प्राणेश्वरीसुद्धा. बाजारभाव सांगावेत तसं. आणि शेवटी यशवंत बुरूज चढून आला, अक्षरं उमटली, तर खुर्चीतून आवाजच येईना.

“वाच की रे मेल्या,” बायका कुरकुरल्या.

वासंतीने गोंधळून खाली बघितलं. पडद्याच्या उजेडात मनगटांवर हिरव्यागार बांगड्या चमकत होत्या. शेजारच्या हौसाच्या लग्नात कासाराने आळीतल्या सगळ्या बायका-मुलींचे हात भरले होते, तिचेही! तिला हसावं की रडावं कळेना. कादंबरी पाठ असलेला हा माणूस, त्याच दगडाला ठेचाळला होता.

ती उभी राहिली.

“बांगड्या हौसाच्या लग्नातल्या आहेत,” ती अंधारात स्पष्ट म्हणाली. “वाचा पुढे.”

काळी टोपी वळली. पडद्यावरची अक्षरं केव्हाच गेली होती, आणि तो पडद्याकडे बघतही नव्हता.

“तुम्ही... माझ्या व्हाल का?”

एरवी मंजिरीचं उत्तरही तोच बारीक आवाज काढून वाचायचा आणि बायका हसायच्या. आज पडद्यावर ‘होय’ आलं आणि तो गप्प राहिला. थांबला.

“होय,” वासंती म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. गोदाकाकूंनी शांतपणे पान तोंडात टाकलं.

“कुणाचा गो हा?”

“पावसच्या वैद्यांचा.”

“घर चांगलं आहे,” काकू म्हणाल्या. “आप्पांना मी सांगते. उद्या चिपळूणकर यायचे आहेत ना? त्यांच्या हातात नारळ द्यायला हवा.”