डाव्या कानातला धम्मरत्न

दवाखान्यातली सिस्टर "प्राची! प्राची!" करून दमली, अन् प्राची आपली भिंतीकडं पाहत निवांत. जानेफळच्या या पोरीचा उजवा कान लहानपणीच गेलेला, डाव्यात जेमतेम उरलेलं. शेवटी बाजूच्या बाकावरचा एक उंचाडा उठला अन्—

"प्राचीऽऽऽ!"

एका बाबाचा चहा सांडला. प्राची गर्रकन वळली.

"बैल हाकून राह्यले का?"

"हो ना," तो हसला. "बैलबाजारात दलाली करतो. धम्मरत्न, अमडापूरचा. मायले घेऊन आलो, कान दाखवाले."

प्राची त्याच्याकडं पाहतच राहिली. ओठ न पाहता तिला माणूस ऐकू आला होता... पहिल्यांदाच.

मग मायच्या कानाचं निमित्त करून तिच्या प्रत्येक तपासणीला हा हजर! दुसऱ्याच खेपेला त्याची माय कलाबाई कावली, "माहे कान काय विहीर हाये का बे, उपसून राह्यला ते?"

प्राची हसली. तो लाजला. अन् त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला समोर बसवलं.

"नवीन यंत्राची चाचणी आहे. थोडा जिवंत असलेल्या कानातच बसवायचं. बहुतेक चांगलं ऐकू येईल. पण... आहे ते जाऊही शकतं. तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता."

आहे ते, म्हणजे काय होतं तिच्याकडं? कुकरची शिट्टी, एसटीचा हॉर्न... अन् धम्मरत्न.

तिनं हो म्हटलं खरं, पण ऑपरेशनच्या सकाळी तिनं धम्मरत्नला जवळ बोलावलं.

"मले भेव लागून राह्यलं," ती पुटपुटली. "तुहा आवाजच गेला तं?"

"बाजारात आम्ही तोंडानं भाव करतच नाई." त्यानं खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकला अन् खालून तिची बोटं धरली. "असं बोटं दाबून भाव सांगतो. पाहणाऱ्याले काई समजत नाई."

"अन् सौदा पक्का झाला तं?"

त्यानं तिचा अख्खा हात मुठीत घेतला.

"काय चाललंय?" सिस्टर आली.

"सौदा," कलाबाई म्हणाली. "तुमी तिकडं पाहा."

जखम भरल्यावर यंत्र सुरू करायचा दिवस उजाडला. बटण दाबलं, अन् प्राची दचकून खुर्चीला चिकटली. पंखा गुरगुरला, डॉक्टर खडखडले. जुनं ऐकू येणं सगळं गेलं होतं.

धम्मरत्न पुढं आला. "प्राची..."

डब्यात नाकतोडा कोंडल्यासारखा आवाज! बैल हाकल्यासारखा तो दणदणीत आवाज कुठंच नव्हता. तिचे डोळे भरले. ते पाहून तो गपकन चूप झाला अन् दाराकडं सरकला.

आता मात्र ती खरी घाबरली. त्याच्या गप्प होण्याला.

"ए! चूप काऊन झाला बे?"

"तुले तरास..."

"होते! पत्र्यावर गारा पडल्यासारखा येते तुहा आवाज." तिनं त्याची बाही घट्ट पकडली. "पण रोज बोल. भांड माह्याशी. अख्खा जलम लागला ओळखाले तरी चालते मले... हाये का तयारी?"

त्यानं मायकडं पाहिलं, डॉक्टरांकडं पाहिलं. अन् उभ्या आयुष्यात पहिल्यांदा इतकं हळू बोलला—

"हाव."

प्राचीनं डोळे मिटून घेतले.

"अजून एकदा," ती म्हणाली.