जिथे नांगर वळतो

ज्यांच्या श्रमांवर आपले घर उभे राहिले, त्यांची निद्रा आपल्याच हातून भंगली, ही शंका सज्जनाला अपराधाहूनही अधिक जाळते. शेतमालकांच्या धाकट्या कन्येने हा दाह आपल्या वडिलांच्या मुद्रेवर पाहिला.

नव्या विहिरीसाठी शेतात खोदकाम सुरू झाले आणि हातभर खोलीवरच घडीव दगडांची रांग लागली. त्या भूमीत कुठेतरी पूर्वजांचे आद्य घर होते, कुठेतरी त्यांची थडगी. नेमके कुठे, हे कोणाच्याच स्मरणात उरले नव्हते. आपण थडगीच उकरली, या समजुतीने वडिलांनी काम थांबवले. त्यांची अन्नावरची वासना उडाली.

दुसऱ्या सकाळी धाकटी खड्ड्यात उतरून कुंचल्याने दगड झाडत होती. वरून आवाज आला, "जरा बाजूला व्हाल का? माझ्या रेषेत तुमचं डोकं येतंय."

तो विहिरीची जागा आखायला आलेला मोजणीदार होता. काम थांबल्याचा निरोप त्याला पोचलाच नव्हता.

"रेष वाकवा की," ती म्हणाली. "डोकं आमच्या शेतातलं आहे."

तो हसला... आणि मोजणीची दुर्बीण ठेवून खाली उतरला.

मोजणी राहिली बाजूलाच. चहा घेऊन आलेल्या आत्याने, हा गृहस्थ जमीन सोडून भलतेच काही मोजतो आहे, असा टोमणा मारला. त्याचे कान लाल झाले. धाकटीने मान वर केली नाही. पण मान खाली होती म्हणूनच तिला आपली बोटे दिसली — काळी. तिने ती पुसली, दगड पुन्हा चोळला. पुन्हा काळी.

"काजळी," ती पुटपुटली. "ही तर चूल आहे! थडग्यात चूल कोण मांडेल?"

म्हणजे हे घर. मग थडगी? काठावर चढून मोजणीदार शेत न्याहाळत राहिला. नांगराचे सगळे तास सरळ बांधापर्यंत गेले होते. एका जुन्या झाडापाशी मात्र वळसा घेत होते.

"तिथं नांगर का वळतो?"

"वळतोच. बाबा वळवतात, आजोबाही वळवायचे. का, ते कोणी विचारलंच नाही..."

दोघांनी तिथले गवत दूर केले. खाली ओळीने थडगी होती. एकाही दगडाला फाळ लागलेला नव्हता.

धाकटीने बोलावून आणलेल्या वडिलांनी ती काजळी तळहातावर घेतली, मग झाडाखालची थडगी पाहिली. त्यांचा जीव भांड्यात पडला. विहीर पलीकडे सरकवा, चूल राहू द्या, असे सांगून त्यांनी आत्याला पाने वाढायला धाडले.

"म्हणजे मला उद्या पुन्हा यावं लागणार," मोजणीदार म्हणाला. "आणि... परवाही."

"परवा कशाला?"

"परवा काम नाही. तुम्ही आहात."

तिने पदराच्या टोकाने त्याच्या गालावरची काजळी पुसली — अगदी सावकाश. "मग रोजच या," ती म्हणाली.

जे निजले आहेत त्यांची निद्रा अभंग राहो. आणि या दोघांची चूल लवकर पेटो.